उरलेली सीट कुणाची?

(हिंगोलीत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गात क्रांतीवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला कॉलेजचा विषय आलाय. काहींना वाटेल, हा कसला विषय, हा तर करिअर मार्गदर्शनवाल्यांचा धंदा. पण इथं बसलेल्या निम्म्या पोरांनी सीईटी दिलीय आणि त्यांच्या खिशात ऑप्शन फॉर्मचा कागद आहे. कॉम्प्युटरला नंबर लागत नाही. खासगी कॉलेज परवडत नाही. आणि यादीत खाली कुठंतरी एक ओळ दिसते : सरकारी अनुदानावरचं कॉलेज, फी कमी, शाखा वस्त्र तंत्रज्ञान. मग पोरगं विचारतं, ‘दादा, टेक्स्टाइल लागतंय, घेऊ का?’ आणि कट्ट्यावरचे शहाणे त्याला हसतात. म्हणतात, ‘घे की, कापडाच्या दुकानात मीटर धरून बसशील.’

मला या हसण्याबद्दल बोलायचंय. कारण कापडाच्या धंद्याला हसण्याची चैन आपल्याला परवडत नाही. या धंद्याच्या दारात आपल्या आज्या-पणज्यांना थांबवून ठेवलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती. पण कुठल्या खात्यात? कताईत. रिंगवर, कापसाच्या धुरळ्यात, कमी पगारात. माग खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला या पाळीचा विणकर तोंड लावणार आणि त्या पाळीचाही लावणार. मग महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला मराठ्याचं तोंड कसं लागावं? झालं. यंत्र विलायती, मालक पारशी नाहीतर गुजराती, लाल बावटा आंतरराष्ट्रीय, आणि धोट्याच्या भोकात मनुस्मृती.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं, की तुमच्या मागण्यांच्या यादीत आमच्या माणसाला माग खातं उघडं करण्याची मागणी आहे का? ती नाखुशीनं घातली गेली. दार काही त्या दिवशी उघडलं नाही. पण कामगार कामगार म्हणून सगळे एक, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर त्यांनी तो धोटा आपटला. पुढं १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागं गिरणीतला हा अनुभव उभा होता.

आणि गंमत बघा. विदर्भात महारांची विणकामाची जुनी परंपरा होती. आपल्याच घरात, आपल्याच हातमागावर जाडंभरडं कापड विणून ते बाजारात विकत. म्हणजे हाताला विणता येत नव्हतं असं नाही. गावात विणणारा हात मुंबईत गिरणीच्या दारातून आत गेला की त्याला फक्त कातायची परवानगी. त्यामुळं ‘यांच्यात स्किल नाही’ असं जेव्हा कुणी म्हणेल तेव्हा त्याला विचारा, स्किल होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?

आता दुसरी गोष्ट. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणाचा भाग आहे. त्यांचं म्हणणं असं, की नुसत्या कला शाखेच्या आणि वकिलीच्या शिक्षणानं आपल्या माणसांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचं वरच्या दर्जाचं शिक्षण पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारनं उचलला पाहिजे. ते शिक्षण महाग, आणि आपल्या बापाच्या खिशात पैसा नाही, हे त्यांना माहीत होतं. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी जी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, जिचे आज तुम्ही महाडीबीटीवर फॉर्म भरता, तिचं मूळ तिथं आहे. तेव्हा ‘कमी फीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज’ ही काही सरकारनं टाकलेली भीक नव्हे. तो मागून, भांडून घेतलेला हक्क आहे. पण हक्काची वस्तूसुद्धा हातात घेऊन तपासावी लागते. कुजकी निघाली तर परत करावी लागते.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब आधी करू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. कापूस, सोयाबीन, तूर, वसमतकडं हळद. नरसी तर नामदेवांचं गाव, कापड शिवणाऱ्या शिंपी संताचं. पण कापडाचं पदवी शिक्षण या जिल्ह्यात नाही. कापूस इथं पिकतो आणि कापूस म्हणूनच जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. पाच क्विंटल कापूस म्हणजे १७० किलोची एक गाठ. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे पाच क्विंटलचे शेतकऱ्याला मिळाले तर ४०,५५० रुपये. त्याच गाठीचं सूत केलं, घट वजा जाता १४५ किलो धरा. एका शर्टाला साडेतीनशे ग्रॅम लागलं तर चारशेच्या वर शर्ट झाले. शर्ट पाचशेला विकला तर दोन लाख. या चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंतच्या मधल्या वाटेवर ब्लोरूम आहे, कार्डिंग आहे, ड्रॉ फ्रेम, सिम्प्लेक्स, रिंग फ्रेम, वाइंडिंग आहे, मग सायझिंग, माग, रंगाई, शिलाई आहे. प्रत्येक टप्प्यावर यंत्र आहे, वीज आहे, मजूर आहे, नफा आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्राचं पोट कळणारा एक माणूस आहे. त्याला टेक्स्टाइल इंजिनिअर म्हणतात.

या साखळीच्या पहिल्या टोकाला कोण आहे? वेचणीला आपली आई, आपली बहीण. किलोवर मजुरी. बोंडाच्या टोकानं बोटं फाटलेली. शेवटच्या टोकाला भंगार-चिंध्या वेचणारी पुन्हा आपलीच बाई. मधल्या साखळीत आपण कुठं आहोत? बदली कामगार, हमाल, झाडूवाला. त्या मधल्या जागांवर, जिथं निर्णय होतो, तिथं चढण्याचा जिना म्हणजे ही चार वर्षांची डिग्री. ही सीट मी त्या दृष्टीनं बघतो.

आता कॉलेजं. मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावानं निघालं, १९९७ साली वीरमाता जिजाबाईंच्या नावाचं झालं. गिरण्यांच्या शहराला तंत्रज्ञ पाहिजे होते म्हणून तिथं कापडाचं शिक्षण सुरुवातीपासूनचं. आपल्याला जवळ पडतं ते नांदेडच्या विष्णुपुरीचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी. १९८१ सालचं, शासनाच्या अनुदानावरचं, पुढं स्वायत्त झालेलं. तिथं वस्त्र तंत्रज्ञानाची शाखा आहे. वसमतच्या पोराला ते तासा-दीड तासावर, हिंगोलीच्या पोराला पूर्णा मार्गे रेल्वेनं गाठता येणारं. मराठवाड्यात कापसाच्या रानाजवळ अशी शाखा असणं ही साधी गोष्ट नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालानं मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांत मांडला होता. त्या अनुशेषाच्या प्रदेशात उभी असलेली ही एक खरी वस्तू आहे.

पण कुठलंही कॉलेज, हे असो की ते, कसं तपासायचं? वर्तमानपत्रवाले रँक बघतात, पालक पॅकेज बघतात. आपण शेवटच्या बाकावरच्या पोराच्या जागेवरून बघायचं. मी पाच प्रश्न देतो. कॉलेजच्या दारात जाऊन विचारायचे. लाजायचं नाही.

पहिला प्रश्न, स्वस्त म्हणजे कुणाला स्वस्त? फीच्या पावतीवरचा आकडा छोटा असतो. पण पोरगं पावतीवर जगत नाही. खोली, मेस, प्रवास, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप, हे धरून वर्षाचा आकडा काढा. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती आहे. पण ती येते कधी? २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि त्यातून कॉलेजची फी त्यानं भरायची. पैसा उशिरा आला की कॉलेज पोराच्या मागं लागतं. घरात आजारपण निघालं की तो पैसा दवाखान्यात जातो. हे कागदावर कुठं दिसत नाही. वसतिगृहात जागा नसेल तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे, तिचाही फॉर्म वेळेत भरावा लागतो. म्हणून विचारा, शिष्यवृत्ती येईपर्यंत कॉलेज थांबतं का? परीक्षेचा फॉर्म अडवतं का? निकाल अडवतं का? ज्या कॉलेजचं उत्तर सरळ, ते स्वस्त. बाकीचं उधारीवर महाग.

दुसरा प्रश्न, यंत्रं चालतात का? कापडाचं शिक्षण पुस्तकातून होत नाही. धागा तुटतो तेव्हा तो बोटानं जोडावा लागतो. कॉलेजच्या शेडमध्ये जा. रिंग फ्रेमला तेल आहे का बघा. सूत लागलेलं आहे का बघा. चात्यांवर धूळ असेल तर समजा ते म्युझियम आहे. विणाईत नुसता धोट्याचा जुना माग दाखवतात की रेपियर, एअरजेटही आहे? प्रयोगशाळेत हवा सांभाळतात का? सुताची परीक्षा २७ अंश तपमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत करायची असते, कारण कापूस हवेतलं पाणी पितो आणि वजन, ताकद दोन्ही बदलतात. ज्या लॅबमध्ये एप्रिल महिन्यात पंखा लावून सूत तपासतात तिथं आकडे खोटे शिकवतात. स्वस्त कॉलेजचा स्वस्तपणा बहुतेक वेळा या शेडमध्ये येऊन बसलेला असतो. फी कमी आहे म्हणून शिक्षण कमी द्यायला कुणी परवानगी दिलेली नाही.

तिसरा प्रश्न, शिकवतो कोण? कायम प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती? तासावर पगार घेणारा माणूस स्वतःच बदली कामगार आहे. तो मनानं कितीही चांगला असला तरी पुढच्या वर्षी तो असेल की नाही त्याला ठाऊक नाही. आणि राखीव जागांवर किती नेमणुका झाल्या? विद्यार्थ्यांत १३ टक्के आरक्षण दिसतं. फळ्याजवळ ते दिसतं का?

चौथा प्रश्न, माणूस म्हणून वागवतात का? रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. तो सरकारी विद्यापीठातला होता, फी कमी असलेल्या. कमी फीनं जीव वाचत नाही. यूजीसीनं २०१२ साली भेदभाव रोखण्याचे नियम काढले. त्याप्रमाणे तक्रार घेणारा माणूस कॉलेजात असावा लागतो. त्याचं नाव भिंतीवर आहे का? विद्यार्थ्यांना माहीत आहे का? आणि बहिणींनो, मुलींचं वसतिगृह आहे का, रात्रीच्या लॅबनंतर परत येण्याची सोय आहे का, गिरणीच्या ट्रेनिंगला मुलींना पाठवतात की ‘तुम्हाला कशाला’ म्हणून ऑफिसात बसवतात, हे विचारा. कापूस वेचणारी बाई, कपडे शिवणारी बाई, आणि इंजिनिअर मात्र बाप्याच, हे चालू द्यायचं नाही.

पाचवा प्रश्न पोटाचा. काम मिळतं का? इथं मी गोड बोलणार नाही. मी सूतगिरणीत पाळ्या केलेल्या आहेत. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यापेक्षा कमी. पाळीचं काम, रात्रपाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, अंगावर रुई. गाव सोडावं लागतं. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर, सुरत, नाहीतर थेट कोइमतूर, तिरुपूर. कापसाच्या धुळीनं छाती धरते, सुट्टीनंतर सोमवारी जास्त धरते, त्याला बिसिनोसिस म्हणतात. आणि जात? पहिल्याच दिवशी एका गिरणीत मला जॉबरनं सुताचा काउंट विचारला नाही, आडनाव विचारलं. ते कळल्यावर त्यानं माझ्याकडं दोन आठवडे फक्त वेस्टेजचा हिशेब दिला. मी तो हिशेब असा लिहिला की कुठल्या मशीनवर किती रुई वाया जाते आणि का जाते, ते मॅनेजरला पहिल्यांदा कागदावर दिसलं. तिसऱ्या आठवड्यात मी रिंग खात्यात होतो. इथं ज्ञान उपयोगी पडतं. तीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या तीस लडी. हे गणित आडनाव विचारत नाही.

आणि गिरणी हाच एक रस्ता नाही. गेट परीक्षेत टेक्स्टाइलचा स्वतंत्र पेपर आहे. दिल्लीच्या आयआयटीत या विषयाचा विभाग आहे. माटुंग्याला १९२४ पासूनची कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. घाटकोपरला बीट्रा, कोइमतूरला सिट्रा आहे. दवाखान्यातलं बँडेज, रस्त्याखाली घालायचं कापड, अग्निशामकाचा कोट, हे सगळं तांत्रिक वस्त्र. त्यासाठी केंद्रानं २०२० साली १,४८० कोटींचं मिशन जाहीर केलं. २०२३ साली अमरावतीच्या नांदगावपेठला मोठा वस्त्रोद्योग पार्क जाहीर झाला. ही सगळी दारं लगेच उघडतील असं मी म्हणत नाही. पण दारं आहेत. त्यांच्या आत कुणीतरी जाणारच आहे.

आता मूळ धोका सांगतो. २०२४ पासून एआयसीटीईनं चांगल्या ठरलेल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या याची कमाल मर्यादा काढून टाकली. अर्थ काय? कॉम्प्युटरच्या जागा वाढवत न्या, बाजार आहे तोवर. आणि टेक्स्टाइलसारख्या लहान शाखा? दोन वर्षं जागा रिकाम्या राहिल्या की वरून आवाज येतो, ‘मागणी नाही, बंद करा.’ एकदा शाखा बंद झाली की यंत्रं भंगारात जातात, शिक्षक दुसरीकडं जातात, आणि पुन्हा ती उभी राहत नाही. ज्या स्वस्त सीटवर आपण हसलो ती सीट अशी मरते. मग जिथं कापूस पिकतो तिथल्या पोराला तेच शिक्षण खासगी कॉलेजात लाखांनी विकत घ्यावं लागेल. एके काळी माग खात्याचं दार आपल्याला बंद होतं. आज दार उघडं आहे आणि आत जायला लाज वाटावी अशी हवा केलीय. परिणाम दोन्हीचा सारखाच, आपण बाहेर.

धोटा गेला, मित्रांनो. नव्या मागात धोटाच नाही. एअरजेटमध्ये दाबलेली हवा आडवा धागा फेकते, तोंड लावायचा प्रश्नच मिटला. ज्या भोकावर त्यांनी विटाळ उभा केला होता ते भोकच यंत्रानं बुजवून टाकलं. पण जात बुजली नाही, ती वरच्या मजल्यावर गेली. लॅबमध्ये, प्लॅनिंगमध्ये, मालकाच्या केबिनमध्ये. तिला तिथं गाठायचं तर यंत्र कळणारी आपली माणसं तिथं पाहिजेत, आणि ती संघटनेशी बांधलेली पाहिजेत. नुसता टाय लावून आडनाव लपवणारा इंजिनिअर आपल्याला नको. त्याच्यापेक्षा बदली कामगार बरा, तो निदान मोर्चात येतो.

म्हणून माझं उत्तर. ज्याला डॉक्टर व्हायचंय, कवी व्हायचंय, कॉम्प्युटर करायचंय, त्यानं ते करावं, त्याला ओढून टेक्स्टाइलमध्ये घालू नका. पण ज्याच्यापुढं ही सीट आलीय आणि फक्त कट्ट्यावरच्या हसण्यामुळं जो मागं सरतोय, त्याला मी सांगतो, घे. आधी पाच प्रश्न विचार, मग घे. आणि उत्तरं वाईट आली तर सीट सोडू नकोस. आत जाऊन भांड. यंत्र बंद असेल तर चालू करायला लाव, शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याणच्या दारात बस.

आणि संघटनेनं करायचं काम वेगळं. फॉर्मच्या दिवसांत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, पाचही तालुक्यांत एकेक टेबल टाका. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, ऑप्शन फॉर्म, तिथंच भरून द्या. व्हॅलिडिटीच्या एका कागदासाठी सीट गेलेली पोरं आपल्या वस्त्यांत आहेत, ही यादी आणखी वाढता कामा नये. या सुट्टीत चौघा-पाचांनी नांदेडला जाऊन शेड बघून या, आतल्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि जे दिसलं ते इथं येऊन सांगा. चांगलं दिसलं तर चांगलं सांगा. आणि जिल्ह्याच्या मागण्यांत एक ओळ घाला : हिंगोलीत कापसावर प्रक्रिया आणि त्याचं तंत्रशिक्षण. नामांतरासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं लढलो, पोचीराम कांबळेंसारखी माणसं त्यात गेली. विद्यापीठावर नाव लागलं. त्या नावाच्या माणसानं १९४२ साली जे शिक्षण मागितलं होतं, ते वर्गात बसून घेणं हे आपलं काम बाकी आहे.

टेबलावर बसायला ज्यांना वेळ आहे त्यांनी जाण्याआधी नावं लिहून द्यावीत.

जय भीम.